अकरावे वळण

आम्ही मास्तर लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे जातो, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. दोन लग्ने, एक बारसे आणि फार तर कोकणातला एखादा देव. त्यामुळे मे २०२४ च्या सुट्टीत मी मोटारसायकल चालवायला मलेशियाला जाणार, ही बातमी गावात फुटली तेव्हा तिच्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारले, “नक्की काय आहे ते सांगा. ऑपरेशन वगैरे आहे का?”

त्यांचा तरी काय दोष! मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिक, आणि वर चित्रकलेच्या परीक्षा. वय पंचेचाळीस, डोळ्यांवर चष्मा, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. अशा माणसाने वाऱ्याच्या वेगाने गाडी हाकावी, हे कोणाला खरे वाटेल? पण वडिलांच्या मागे घरात एक येझदी राहिली होती. ती मी विकली नाही. तिच्यावर बसून आंबा घाट चढताना मी मास्तरही नसतो आणि कादंबरीकारही नसतो. त्या दोघांपासून सुटका करून घेण्याचा दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.

येझदीच्या दुखण्यांमुळेच आमचे मंडळ जमले. कोल्हापूरच्या रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. रविवारी सकाळी तेथे दातांचे एक डॉक्टर, गुळाचे एक अडत्ये, फाउंड्रीवाले दोघे भाऊ आणि मी असे पाचजण चहाला जमतो. सहावा स्वतः मिस्त्री. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा. दहा वर्षांत मी त्याच्या तोंडून दहा वाक्ये ऐकली असतील, तर शपथ. पण इंजिनाला कान लावला की त्याला सारे कळते. सेपांगला जायचे हे त्यानेच काढले. आम्ही दोन वर्षे भिशी लावली. माझ्या कादंबऱ्यांच्या मानधनावर राहिलो असतो, तर विमानाच्या शिडीपर्यंतच पोचलो असतो.

सेपांग हे क्वालालंपूरच्या दक्षिणेला, विमानतळाच्या शेजारी आहे. पूर्वी तेथे पामतेलाच्या झाडांचे मळे होते. अजूनही भोवताली त्यांच्या रांगाच रांगा दिसतात. लांबून पाहणाऱ्या कोकणी माणसाला बुटके माड वाटावेत. तेथे १९९९ साली शर्यतीचा रस्ता बांधला. लांबी ५.५४३ किलोमीटर, वळणे १५. मधे प्रेक्षकांची भव्य इमारत, आणि तिच्या दोन्ही अंगांनी नऊशे मीटरांहून लांब असे दोन सरळ पट्टे. १९९९ ते २०१७ पर्यंत तेथे फॉर्म्युला वनच्या मोटारी धावल्या. मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतीही तेथे होतात. मात्र शर्यत नसेल त्या दिवसांपैकी काही दिवशी तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसालाही पैसे भरून तेथे गाडी चालवता येते. कोणी पहिला नाही, कोणी दुसरा नाही, घड्याळ लावलेले नाही. आपली गाडी, आपले वळण आणि आपली भीती. गाड्या भाड्याने मिळतात. चामड्याचा सगळ्या अंगाचा पोशाखही मिळतो. तो चढवून मी आरशासमोर उभा राहिलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सर, तुम्ही अगदी नवीन ढोलासारखे दिसता.”

सकाळी नाव नोंदवताना टेबलापलीकडच्या बाईंनी माझा अर्ज पाहिला, व्यवसायाच्या रकान्यात शिक्षक असे वाचले आणि हसून म्हणाल्या, “आ, चिकगू!” मला ‘चिक्कू’ ऐकू आले. अडत्ये मालाच्या बाबतीत सावध माणूस. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग उलगडा झाला. मलाय भाषेत शिक्षकाला ‘गुरू’च म्हणतात. तोच आपला संस्कृत शब्द, शेकडो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून तेथे गेलेला. त्यालाच आदरार्थी शब्दाची जोड देऊन, शिक्षकाला हाक मारायची ती ‘चिकगू’ अशी. दिवसभर तेथला प्रत्येकजण मला चिकगू म्हणत होता. परदेशात आपला धंदा एवढ्या मानाचा आहे हे पाहून माझी छाती त्या चामड्यातही फुगली. ती फार वेळ फुगलेली राहायची नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आधी सर्वांना एका खोलीत बसवून नियम सांगितले. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे, कोणाला ओलांडायचे नाही. तांबडे दिसले की फेरी बंद, सावकाश परत यायचे. काळे-पांढरे चौकटीचे निशाण म्हणजे वेळ संपली. प्रत्येक वळणावर निशाण घेऊन माणूस उभा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की मागे पाहायचे नाही. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचे. पुढच्याने आपली वाट धरून चालायचे, एकाएकी आडवे जायचे नाही. एवढे सांगून झाल्यावर मिस्त्री चिकटपट्टीचे रीळ घेऊन आला आणि त्याने माझ्या गाडीचे आरसे आणि दिवे झाकून टाकले. मग वेग दाखवणाऱ्या आकड्यांवरही त्याने पट्टी चिकटवली.

“हे कशाला?” मी विचारले.

“आकडं बघायचं न्हाई, सर. रस्ता बघायचा.”

पहिली फेरी वीस मिनिटांची. ती मी कशी काढली, ते माझे मला माहीत. समोर लांबच लांब पट्टा, त्याच्या टोकाला उजवीकडे वळत-वळत आवळत जाणारे पहिले वळण, आणि ते संपते न संपते तोच डावीकडे उतरत जाणारे दुसरे. गाडी वळणात घातली की माझे डोळे आपोआप कडेला जात. तेथे वाळू आणि खडी पसरलेली असते, घसरलेल्या गाडीचा जोर तिच्यात जिरावा म्हणून. माझे डोळे त्या खडीवर आणि माझी गाडीही त्या खडीकडे. दोनदा वाचलो. परत आल्यावर मिस्त्री माझ्यापुढे उकिडवा बसला. दहा वर्षांत दहा वाक्ये बोलणारा हा पोरगा त्या दिवशी एकदम बोलका झाला होता.

“सर, तुमी खडीकडं बघताय. खडीकडं बघितलं की गाडी खडीतच जाणार. गाडी हाताच्या आधी डोळ्याचं ऐकती. जिकडं जायचं तिकडं बघा. वळणातनं भायेर पडायची जागा हुडका, आनि तिच्यावरनं नजर काढू नका.”

चित्रकलेचा मास्तर मी! पंचवीस वर्षे मुलांना ‘आधी नीट बघा, मग रेघ ओढा’ असे बजावत आलो. आता तेच मला शेवटच्या बाकावरचा पोरगा सांगत होता. दुसऱ्या फेरीत मी त्याचे ऐकले. वळणाच्या तोंडाशी असतानाच मान वळवून त्याच्या शेवटाकडे पाहिले. आणि काय सांगू! गाडी जणू कोणी दोरीने ओढून न्यावी, तशी तेथवर गेली. मला त्या क्षणी जो आनंद झाला, तो पहिली कादंबरी छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

या फेरीत मिस्त्री माझ्या पुढे होता. त्याच्यामागून जाताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अकराव्या वळणाशी आला की तो गाडी हळू करी आणि डावा हात क्षणभर मांडीवरून उचली. देवळावरून जाताना एस.टी.चा ड्रायव्हर करतो तसे. तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा तसेच.

दुपारी जेवण झाले. नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि त्यावर परतलेली सुकी मासळी. फाउंड्रीवाल्या भावांनी माझ्या वाटणीचीही मासळी संपवली. मग आभाळ भरून आले. तिकडचा पाऊस आपल्या वळवासारखा अंगावर धावून येतो. विजा कडाडल्या, तांबडी निशाणे हलली आणि सारे रस्ता सोडून पत्र्याखाली येऊन बसले. सेपांगला हे नेहमीचेच. २००९ साली फॉर्म्युला वनची शर्यत अशाच पावसाने मध्येच थांबवावी लागली आणि अर्धेच गुण देण्यात आले. आम्ही सहाजण गाड्यांच्या शेजारी चहाचे पेले घेऊन बसलो. मी मिस्त्रीला सहज विचारले, “अकराव्या वळणावर हात कोणाला करतोस?”

तो म्हणाला, “सिमोन्चेल्लीला.”

मार्को सिमोन्चेल्ली हा इटलीचा तरुण. डोक्यावर केसांचे मोठे टोपले. २००८ साली तो २५० सीसी गटात जगज्जेता झाला, ते विजेतेपद पक्के झाले याच सेपांगला. आणि २३ ऑक्टोबर २०११ ला याच रस्त्यावर, दुसऱ्याच फेरीत, अकराव्या वळणावर त्याची गाडी घसरली. घसरलेली गाडी एरवी वळणाच्या बाहेर फेकली जाते. त्याची गाडी उलट आत, रस्त्याच्या मधोमध आली. मागून येणाऱ्या कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रोसी या दोघांना त्याला चुकवता आले नाही. रोसी तर त्याचा मित्र. सिमोन्चेल्ली गेला, वय चोवीस. शर्यत रद्द झाली.

“आमी दोघं गॅरेजात टीव्हीवर बघत हुतो,” मिस्त्री म्हणाला. “दिवाळी तोंडावर आलेली. त्यो रडला, सर. मला म्हणला, एकदा हितं जाऊन यायचं. मी म्हणलं, पैसं कुठनं आणणार? म्हणला, भिशी लावू.”

दोघं कोण, हे मला विचारावे लागले नाही. शेवटच्या बाकावर याच्या शेजारी बसणारा तो. त्याचा हात चित्रात चांगला होता. २००६ साली दोघे दहावी झाले. २०१२ च्या फेब्रुवारीत, एका लग्नाहून रात्री परत येताना, गावाबाहेरच्या रस्त्यावर तो मोटारसायकलवरून गेला. फार जोरात होता, असे सारे गाव म्हणाले. मीही म्हणालो. नुसते म्हणालो नाही. पुढल्या जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला, तेव्हा मी एक मोठे चित्र काढले. मोडलेली मोटारसायकल, आणि वर वेगाचा काटा, शंभरावर टेकलेला. ते चित्र शाळेच्या व्हरांड्यात टांगले आणि त्याच्यासमोर उभे राहून मुलांना सांगितले, की वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला चौपट अंतर लागते, हे तुमच्याच शाळेतल्या एका मुलाला कळले नाही. मुले गप्प झाली. भाषण चांगले झाल्याचे सर्वांनी सांगितले. त्यानंतर दर जानेवारीत मी ते करीत आलो.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मिस्त्री हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहत म्हणाला, “त्यो जोरात न्हवता, सर.”

“म्हणजे?”

“मी त्याच्या मागनं हुतो. दुसऱ्या गाडीवर. माझा काटा चाळीसवर हुता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी हुती, चाक निखळलेली. दिवा न्हाई, रेडियम न्हाई, माग दगूड न्हाई, झाडाची फांदी न्हाई. समोरनं एक ट्रक आला, त्याचा उजेड डोळ्यावर पडला. ट्रक गेला आनि मला फुडं त्याचा तांबडा दिवा दिसंना. एवढंच. सकाळी लोक बघायला गेली, तवा थितं ट्रॉली न्हवती. वाईच ऊस सांडलेला हुता.”

उसाच्या ट्रॉल्या ज्याने रात्री पाहिल्या आहेत, त्याला हे समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पुढे पाच महिने आमचे रस्ते उसाने भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला. रात्री तो ऊस, तो रस्ता आणि तो अंधार यांचा रंग एकच होतो. मागे तांबडा दिवा असावा, परावर्तक असावेत, हे सारे नियमात लिहिलेले आहे.

मी बऱ्याच वेळाने विचारले, “हे तू मला इतकी वर्षे का सांगितले नाहीस?”

“तुमी इचारलं न्हाईसा.” तो थोडा थांबला. “आनि पयल्या वर्षी तुमी ते भाषण केलं, तवा त्याचा धाकटा भाऊ आठवीत हुता. म्होरंच बसला हुता. जूनला त्यानं शाळा बदलली.”

त्या मुलाने शाळा बदलल्याचे मला आठवत होते. त्याचा दाखला तयार झाला तेव्हा मी कार्यालयातच बसलो होतो. ‘का रे?’ एवढे विचारायलाही मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

मी कादंबरीकार आहे. एखाद्या पात्राचा मृत्यू लिहायचा तर मी पाने-पाने खर्च करतो. तो का मेला, कसा मेला, हे चार ठिकाणी ताडून पाहतो. आणि माझ्याच बाकावरचा खरा मुलगा मेला, तेव्हा मी काय केले? मला एक तात्पर्य हवे होते. ते मिळाले, चित्र रंगले, भाषण जमले. माझे डोळे त्या शंभराच्या काट्यावर खिळले होते, आणि बारा वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या साऱ्या मुलांची नजर मी तिकडेच वळवली. त्यांच्यापैकी कितीजण त्या काळात रात्री त्याच रस्त्याने चाळीसच्या वेगाने, अगदी निर्धास्तपणे गेले असतील! सर सांगतात, हळू गेले की काही होत नाही.

इतक्यात रस्ता उघडल्याचे सांगत एक मनुष्य आला. “चिकगू, शेवटची फेरी,” तो हसत म्हणाला. तो शब्द या वेळी मला टोचला.

ओल्या रस्त्यावर आम्ही अगदी बेताने निघालो. मी एक सांगतो, त्या ओल्या रस्त्यावरही मला गावच्या रस्त्यापेक्षा कमी भीती वाटत होती. येथे समोरून कोणी येणार नव्हते. वाटेत अडचण असेल, तर तिच्याआधी पिवळे निशाण हाती धरून एक माणूस उभा असणार होता. या रस्त्यावरही माणसे मेली आहेत. पण ती का मेली, हे येथे कोणी लपवून ठेवत नाही. अकरावे वळण आले. मिस्त्रीने हात उचलला. मीही उचलला. एक सिमोन्चेल्लीसाठी होता. दुसरा कोणासाठी, ते आम्हा दोघांना माहीत होते.

परत आल्यावर जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मी त्या मुलाच्या घरी गेलो. मिस्त्री बरोबर येतो म्हणाला होता. मीच नको म्हटले. आई एकटीच होती. मी उभ्याउभ्याच सारे सांगून टाकले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तेवढं सांगायला आलासा व्हय? बसा की.”

चहा ठेवून ती आतून एक काचेची बरणी घेऊन आली. “लगनातनं येताना मावशीनं लोणचं दिलं हुतं. ही त्याच्या पाठीवरच्या पिशवीत हुती. बघा, कुठं चीर हाय का. जोरात असता तर ही ऱ्हायली असती का? मला तवाच कळलं हुतं.”

“मग तुम्ही कोणाला बोलला का नाही?”

“मास्तरांनी चित्र काढलेलं. मास्तर खोटं कशाला काढतील, म्हणायची लोकं. मी कुणाकुणाला बरनी दावत फिरू?”

त्यावर मी काय बोलणार? चहा प्यालो. धाकट्याचा पुण्याचा पत्ता मागून घेतला आणि त्याला पत्र लिहिले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. येईलच, असेही मी धरून चाललेलो नाही.

व्हरांड्यातले चित्र मी काढून टाकले. त्याच्या जागी नवे काढायला बसलो, तेव्हा मोठी अडचण पडली. अंधारात न दिसणारी ट्रॉली काढायची कशी? जी दिसते ती ट्रॉली खोटी, आणि जी खरी ती दिसत नाही. शेवटी मी सगळा पुठ्ठा काळा केला आणि खालच्या अंगाला मिस्त्रीच्या गॅरेजातली बोटभर लांबीची तांबडी रेडियमची पट्टी चिकटवली. शेजारी एक हातबत्ती दोरीला बांधून ठेवली आहे. मुले येतात, बत्ती लावतात, पट्टी चमकते. मग ती मला विचारतात, “सर, हे काय आहे?” तेव्हा मी त्यांना त्या मुलाची हकीगत सांगतो. नाव घेऊन सांगतो, आणि काटा चाळीसवर होता हे सांगतो. आईची परवानगी मी घेतली आहे.

त्या दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला, तेव्हा आमचे रविवारचे मंडळ चहा झाल्यावर कारखान्याच्या रस्त्याला गेले. डॉक्टर, अडत्ये, दोघे भाऊ, मिस्त्री, मी आणि नववीची काही मुले. ट्रॉल्या वजनकाट्यापुढे रांगेत उभ्या असतात, तेवढ्या वेळात मागच्या फळीला रेडियम चिकटवायचे. काही ड्रायव्हर ‘लावा लावा’ म्हणाले, काही हसले. एकाने मला ओळखले.

“सर, तुमी ते काट्याच्या चित्राचं सर न्हवं?”

“होय,” मी म्हणालो. “ते चित्र चुकले होते. जरा फळी पुसून दे.”